फरशीवरचा पाट

मानसिंगच्या खुर्चीला चाकं होती आणि त्याच्या पायाला भिंगरी. दोघांचं जमणार कसं?

सव्वीस वर्षं तो साखर कारखान्याचा चिटबॉय. पोरांची लग्नं झाली तरी बॉयच! लासुर्ण्यापासून कळंबपर्यंत बांधाबांधानं हिंडायचं, कुणाच्या उसाची लागण कुठं झाली ते बघायचं, तिची नोंद करायची. मग मोजणी मोबाइलवर आली, तरणी पोरं रानात गेली आणि पन्नाशी ओलांडलेल्या मानसिंगला ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसवलं. लोक म्हणाले, नशीब काढलं, सावलीत बसून पगार. त्या सावलीनं सहा महिन्यांत त्याची कंबर धरली.

पहिल्याच आठवड्यात गट नंबरच्या रकान्यात, लासुर्ण्याच्या गेणबांच्या नावापुढं, त्यानं 'चिंचेखालचं' असं भरून ठेवलं होतं. रानं त्याला नंबरानं ठाऊकच नव्हती. साहेबांनी ते सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं.

डॉक्टरांनी बजावलं, "दर अर्ध्या तासानं उठायचं. पाय मोकळे करायचे." म्हणून तो व्हरांड्यात फेऱ्या मारायचा. मात्र पाण्याच्या टाकीजवळ आला की पाय उंच उचलून लांब ढांग टाकायचा. फरशी सपाट, तरी रोज. शेजारच्या टेबलावरची सोनम तोंडाला ओढणी लावून हसायची.

पुन्हा रानात पाठवा, असा अर्ज त्यानं केला होता. सोमवारी सोनमनंच उत्तर आणून दिलं. जागा नाही. त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. रानाची नुसती आठवण येत होती असं नव्हे. भुकेल्याला भाकरी हवी तसं त्याला रान हवं होतं.

त्याच दुपारी गेणबा नोंद तपासायला आले.

"मानसिंगराव, कवा येताय रानात?"

"आता न्हाय येत, आबा. हितंच चालतो. चला."

दोघं व्हरांड्यातून निघाले. टाकीजवळ मानसिंगनं सवयीनं ढांग टाकली आणि ओशाळला. सोनम दारातून बघत होती.

गेणबा थबकले. सपाट फरशीकडं त्यांनी बघितलं, मग मानसिंगच्या तोंडाकडं. धोतराचा सोगा वर धरून त्यांनीही जपून ढांग टाकली.

"चिंचेखालचा पाट न्हवं का ह्यो?" ते म्हणाले. "बेतानं, मानसिंगराव. पाणी सोडलंय."