चाकाच्या वाटीचा रंग

आमच्या शाळेच्या पटांगणात हवाई दलातून निवृत्त झालेलं एक लढाऊ विमान उभं आहे. बारामती-इंदापूर रस्त्यावरून जाणारी पोरं एसटीतून माना काढून बघतात. गेल्या वर्षी ते नव्यानं रंगवायचं ठरलं आणि चित्रकलेची बाई म्हणून बारक्या भागांचे मूळ रंग शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अंगाला काय, चंदेरी फासला की झालं! पण चाकाच्या मधल्या वाटीचा रंग कोण सांगणार?

सांगणारा घरातच होता. माझे सासरे, आबा, यांची उभी हयात हवाई दलात अशाच विमानांची चाकं दुरुस्त करण्यात गेली. पण वर्षभरात त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. जेवून उठायचे आणि "वाढताय ना?" विचारायचे. म्हणून ते "वाटी निळसर राखाडी असती," म्हणाले, तेव्हा माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. असा राग आला मला त्याचा!

मी वाटीच तपासली. पंखाच्या सावलीत ऊन लागत नाही, म्हणून मूळ रंग तिथंच टिकलेला असणार. धूळ झटकली, भर उजेडात रंगांच्या पट्ट्या शेजारी धरल्या. पिवळट हिरवा. शंकाच नको.

आबांना सांगितलं. वाटलं होतं, भांडतील. ते खाटेवर टेकले आणि म्हणाले, "मग माझं डोकं गेलंच म्हण की, पोरी."

जीव तुटला माझा.

दुसऱ्या दिवशी हिरवा द्यायच्या आधी तेलकटपणा जावा म्हणून वाटीला धुण्याचा साबण लावला, तर पिवळट होतं ते लालभडक झालं! लग्नात हळदीचे कपडे जिनं धुतलेत, तिला आणखी काय सांगायचं? अगं बाई, ही तर हळद! दर खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टरांबरोबर विमानाचीही पूजा करतो. चाकाशी सगळ्यांचा हात पोचतो, म्हणून तेलात कालवलेल्या हळदीची बोटं तिथंच ओढतात. वर्षानुवर्षांची ती हळद रंगात मुरली होती. घासत राहिले. खालून निळसर राखाडी निघाला. मी एकटीच हसत होते आणि डोळे पुसत होते.

नवऱ्याला फोन केला, "आबांना घेऊन या. आत्ता!"

आबांनी वाटीवर बोट फिरवलं. "व्हय. ह्योच."

नवरा चाकाशी उकिडवा बसला आणि ब्रेकच्या नळीवर बोट ठेवून म्हणाला, "आबा, आन् हिचा रंग कंचा वो?"

कित्येक महिने घरातला जो तो आबांना विचारायचा ते परीक्षा घ्यायला. आज वार कोणता, मी कोण. हे मात्र त्यानं खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं होतं.

"सरक जरा, उजेड यिऊ दी," आबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले.