विमानाच्या पोटातलं औषध

माघातल्या सकाळी परळीच्या हवेत दोन वास एकमेकांत मिसळलेले असतात: एक वीजकेंद्राच्या राखेचा, कोरडा नि करडा, आणि दुसरा घरोघरच्या तव्यांवर भाजल्या जाणाऱ्या शेंगदाण्यांचा, खरपूस, उष्ण, माणसाला अंथरुणातून उठवून स्वयंपाकघरापर्यंत ओढत नेणारा. मलाही तो ओढतो. फरक इतकाच, की मी उंबऱ्याशी थांबतो. ज्या मुलखात वांग्याच्या भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत कुटावाचून काही शिजत नाही, तिथेच जन्मून मला शेंगदाण्याची ॲलर्जी व्हावी, ही नियतीची थट्टा; आणि एक दाणा पोटात गेला तरी घसा आवळून श्वास कोंडावा, हा त्या थट्टेतला न हसण्याजोगा भाग. त्यासाठी डॉक्टरांनी पेनासारखं दिसणारं एक इंजेक्शन दिलं आहे. घसा आवळू लागला की मांडीत टोचायचं आणि दवाखाना गाठायचा. ते सदैव हाताशी असावं, अशी त्यांची सक्त ताकीद.

लेकीकडे दिल्लीला जायला हैदराबादहून विमानात बसलो, तो माझा पहिलाच विमानप्रवास. पण माझी सारी प्रवासविद्या एस.टी.त घडलेली, आणि त्या विद्येचा पहिला धडा असा, की जी वस्तू सर्वांत मोलाची ती बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या घडीत. आई लग्नाला निघताना पाटल्या अशाच न्यायची. मीही माझ्या प्राणांचं ते पेन स्वेटरात गुंडाळलं, वर टॉवेल रचले, मोठ्या बॅगेला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. आपल्या दक्षतेवर मी इतका प्रसन्न होतो, की तपासणीच्या दारात जवानाने काही विचारण्याआधीच डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्याने ती शांतपणे वाचली आणि हिंदीत विचारलं, की औषध कुठे आहे.

त्या क्षणी मघाशी काउंटरवर सोपवलेली माझी बॅग मला डोळ्यांसमोर दिसली: रबरी पट्ट्यावरून डुलत, पडद्याआड दिसेनाशी होणारी.

खरं तर तिथेच कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे शेंगदाण्याने मी मरेन हे वाक्य उच्चारायचं, आणि ‘शेंगा खाऊन कुनी मरतं का बे’ हे मित्रांचं हसणं ऐकत वाढलेल्या माणसाला त्या वाक्यापेक्षा मरण पुष्कळ सभ्य वाटतं. मी नुसतं हसलो, चिठ्ठी खिशात घातली आणि विमानात जाऊन बसलो. दोन तासांचा तर प्रवास, आपण काही खायचंच नाही, झालं.

शेजारी परळीजवळच्या धर्मापुरीकडचं एक वयस्क जोडपं निघालं. मेंढरं राखत आयुष्य गेलेलं, आता फौजेतल्या लेकाकडे निघालेलं. माझ्या बोलण्यावरून त्यांनी मला आपल्या मुलखातला म्हणून ओळखलं, मीही त्यांना मामा-मावशी म्हणू लागलो, आणि आकाशात स्थिरावताच मामांनी डबा उघडला. खिडकीतून आलेल्या सोनेरी उन्हात धपाट्यांवर शेंगदाण्याच्या चटणीचं तेल चमकत होतं. त्यांनी एक माझ्यापुढे धरलं. मी माझं जुनं हत्यार काढलं: आज सोमवार आहे, म्हटलं. वैजनाथाच्या गावच्या माणसाच्या सोमवारावर कुणी शंका घेत नाही. आजवर चहा नि केळ्यावर सुटत आलो होतो.

“मंग तर ब्येस,” मावशी म्हणाल्या. “माझा बी सोमवारच हाय.”

आणि त्यांनी पिशवीतून दुसरा डबा काढून गूळ-शेंगदाण्यांचा एक लाडू माझ्या तळहातावर ठेवला.

उपवास सांगून दाण्यांपासून पळणारा माझ्याइतका विद्वान मराठवाड्यात दुसरा नसावा. लाडू किंचित कोमट होता. मावशी मायेने बघत होत्या. मी तो तोंडाला लावल्याशिवाय त्या स्वतः खाणार नव्हत्या. आणि औषध आमच्या पायांखाली, अंधारात, माझ्या स्वेटरात झोपलेलं.

“मावशी, मी सोमवार धरत नाही,” मी म्हणालो. “शेंगदाण्यानं माझा जीव जातो. आन् औषध खाली बॅगेत राहिलंय.”

कुणी हसलं नाही. मावशींनी लाडू उचलून घेतला, पदराचं टोक पाण्याने भिजवलं आणि माझं एकेक बोट पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं. मग स्वतःचे हात पुसले, दोन्ही डबे मिटले, आणि मामांच्या हातातलं अर्धं धपाटंही काढून घेतलं.

“आधी सांगायचं न्हाई व्हय?” मामा पुटपुटले. “लाजायला काय झालतं?”

तेवढ्यात नाश्त्याची गाडी ढकलत हवाईसुंदरी आली. मावशींनी तिला रानातल्या खणखणीत आवाजात हाक मारली: “ए बाई, ह्या दादाला शेंगदाना चालत न्हाई. मरंल त्यो.” पुढच्या-मागच्या माना वळल्या. त्या मुलीला मराठी कळेना; तिने माझ्याकडे पाहिलं, आणि ते सगळं मलाच हिंदीत सांगावं लागलं. तिने गंभीरपणे ऐकलं, विमानातल्या औषधपेटीत काय आहे ते बघून येते म्हणाली, आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने हातातली खाऱ्या दाण्यांची पुडी आपणहून मिटली.

नंतर बराच वेळ बाहेर ढगांवर ऊन पसरत राहिलं, धुतलेल्या लोकरीसारखं. परत गेल्यावर ‘शेंगदाण्यानं माझा जीव जातो’ हे वाक्य आधी कुणाच्या घरी म्हणावं, कुठल्या पंगतीत, याचा मी विचार करत होतो. शेजारी उपाशी मावशींना डुलकी लागली होती. झोपेतही त्यांचे दोन्ही हात डब्याच्या झाकणावर घट्ट होते.