गच्चीवरून पाहिलेली मालिका

आमच्या आतोबांइतक्या, म्हणजे आत्याच्या यजमानांइतक्या, तळमळीने टीव्हीवरची मालिका पाहणारा प्रेक्षक अख्ख्या नांदुऱ्यात दुसरा नव्हता, आणि त्यांनी तिचा एकही भाग पाहिलेला नव्हता. त्याचं असं झालं, आत्याकडे टीव्ही नवा आला तेव्हा आमच्या बाजूला चित्र नीट यायचंच नाही. गच्चीवर उंच पाइपाला अँटेना बांधलेला. आतोबांनी पाइप हातात धरला की खाली चित्र लख्ख, हात सोडला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. आम्ही विटा लावून पाहिल्या, तारा ताणल्या, शेजारच्या पैलवानालासुद्धा तासभर उभा केला, पण मुंग्या काही त्याला भ्यायल्या नाहीत. "हा सिग्नलवाल्याचा हात हाये," आतोबा ऐटीत सांगत. रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलचे दांडे ओढण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यामुळे दर रविवारी सकाळी अर्धी गल्ली खाली टीव्हीपुढे आणि टीव्हीचा मालक वर उन्हात, असा देखावा असे.

तसेही ते खाली असते तरी बसले नसतेच. आतोबांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जेवण उभ्यानं, ताट फळीवर. चहा अंगणात येरझारा घालत. गाडी दहाची असली की हे आठलाच स्टेशनात, आणि तिथेही फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं सुरू. माझ्या लग्नाला अकोल्याला ते आदल्या गाडीने येऊन पोचले आणि मांडववाल्याला झोपेतून उठवून म्हणाले, "काऊन बे, खांब कवा गाडतं? नवरदेव येऊन राह्यला ना!" नवरदेव, म्हणजे मी, तेव्हा नांदुऱ्यात अंघोळ करत होतो.

आता मालिकेविषयी. तिच्यातला प्राध्यापक एका यंत्रात बसून गेलेल्या काळात जायचा. त्याचा धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेलेला. त्याला बसमध्ये चढण्याआधी गाठायचं, एवढाच त्याचा ध्यास. पण दर भागात काही ना काही आडवं यायचं आणि बस सुटायची. मी तेव्हा नांदुऱ्याच्या शाळेत नवा मास्तर, आत्याकडेच राहत होतो. दारात उभं राहायचं, एक डोळा पडद्यावर ठेवायचा आणि काय चाललंय ते वर ओरडून सांगायचं, हे काम माझ्याकडे आलं. वरून उलट तपासणी चाले. "कुठी पोचला?" "चौकात, आतोबा!" "अन् बस?" "लागली!" "मंग पळत काऊन नाही तो? अन् मले सांग, काळात मागंच जाचं हाये तं दोन घंटे आधी जाऊन बसाले काय होते त्याले? ऐनवेळी काऊन जाते हा येडा?" हा प्रश्न खरं तर मालिका लिहिणाऱ्यालाच पाठवायला हवा होता.

एका रविवारी प्राध्यापक अगदी बसच्या दारापाशी पोचला, आणि मी ओरडलो, "सुटली!" वर पाइप असा हलला की पडद्यावरची बस दोनदा उलटी झाली. आतोबा किती तरी वेळ खाली आले नाहीत. आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावलं. पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली, "ह्याईचा धाकटा भाऊ असाच गेला रे. न इचारता ह्याईचा सदरा घातला, त्याच्यावरून भांडण. तरातरा स्टेशनावर गेला. हे केबिनीत ड्यूटीवर. गाडीच्या दारातून त्यानं हात केला, ह्याईनं तोंड फिरवलं अन् सिग्नल देऊन टाकला. चिठ्ठी नाही, काही नाही. तवापासून हे बसलेच नाहीत."

पुढच्या रविवारी प्राध्यापकाचं यंत्र वाटेतच बिघडलं आणि मी छातीवर हात ठेवून ओरडलो, "भेटला, आतोबा! भाऊ भेटला!" खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आत्याने डोळे वटारून सगळ्यांना गप्प केलं. वर पाइप इतका स्थिर झाला की तसं स्वच्छ चित्र आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग काय विचारता! सोमवारी चहाच्या टपरीवर भांडणं. बाकीचं गाव म्हणे प्राध्यापक अजून भटकतोय, आतोबा म्हणत भाऊ घरी येऊन जेवून झोपला. "तुमच्या टीव्हीत मुंग्या, तुमाले काय दिसन?" असं म्हणून ते सगळ्यांना निकालात काढत. मला मात्र दर आठवड्याला स्वतःची मालिका रचावी लागली. वरून सूचनाही येत. "भावाले म्हणा, सदरा ठेवून घे. नवा शिवून देतो म्हणा!" खोटं बोलायची लाज वाटायची, पण ते खाली उतरताना गुणगुणत, ते ऐकायला मी हपापलेला असे.

शेवटचा भाग जाहीर झाला आणि आतोबा म्हणाले, "हा मी सोता पाहीन." पाइप कोण धरणार, म्हणून मी जीव तोडून वाद घातला. तेवढ्यात आत्याने लुगड्याचा कासोटा खोचला, जन्मात कधी न चढलेली शिडी चढली आणि पाइप धरला. चित्र लख्ख! इतके दिवस हे कुणालाच सुचलं नव्हतं.

आतोबा दाराला टेकून उभे राहिले. पडद्यावर पिकल्या केसांचा प्राध्यापक, मोडलेलं यंत्र, रिकामा बसस्टँड. भाऊ कुठेच नाही. तो तिथल्या बाकावर बसला आणि मालिका संपली. आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग बाजेची कुरकुर ऐकू आली म्हणून वर पाहिलं, तर आतोबा बसले होते. हळूच म्हणाले, "लेका, तू सांगे तेच बरं होतं."

वरून आत्याचा आवाज आला. तिला बिचारीला काय दिसणार! "अजी, भेटला काय हो भाऊ?"

आतोबांनी डोळे पुसले, आणि केबिनमधून ओरडावं तसं खणखणीत ओरडले, "हाव, भेटला! उतर आता, सावकाश."

त्या दुपारी ते पाटावर बसून जेवले. आता ते नाहीत, गच्चीवरचा पाइपही नाही. माझी गाडी नांदुऱ्यावरून जाते तेव्हा मी डब्याच्या दारात येतो आणि केबिनच्या दिशेने हात करतो. तिथून कुणी हात करत नाही, हे ठाऊक असतं, तरी करतो.