सुई आणि नागाचं व्रत

डॉक्टरांनी यमूला डोळे मिटायला सांगितले आणि तिच्या डाव्या हातावरच्या फिकट डागात टाचणी टोचली. "कुठे टोचलं?" त्यांनी विचारलं.

"अजून टोचलंच नाही," माझी लेक म्हणाली. डागावर रक्ताचा ठिपका आला होता.

"लेप्रसी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे महारोग. हाताला ॲनेस्थेशिया आहे, असंही म्हणाले. म्हणजे बधिरपणा, आग किंवा काटा काहीच कळत नाही. "सुरुवात आहे. चालमुगऱ्याच्या तेलाची सुई दर आठवड्याला द्यावी लागेल. उशीर केलात तर बोटं वाकतील, आणि वाकलेली बोटं मला सरळ करता येणार नाहीत." चालमुगरा हे एक झाड, त्याच्या बियांचं तेल कातडीत टोचतात.

अलिबागहून रेवदंड्याकडे परतताना बैलगाडी आमचे हेच हाकत होते. घर दिसू लागलं तेव्हा म्हणाले, "तो नाग."

यमू तान्ही असताना तिच्या पाळण्याखाली नाग निघाला होता. यांनी तो काठीने मारला. नाग मारणाऱ्याच्या पोराबाळांना महारोग होतो, असं आमच्याकडे सगळेच मानतात. दुसऱ्या दिवशी यांनी गुरवाकरवी ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नागाचा दोष आहे का? उजवी पडली. चातुर्मासभर नागाचं व्रत ठरलं. घरातल्या कुणी खणायचं नाही, चिरायचं नाही, टोचायचं नाही.

टोचायचं नाही, म्हणजे सुईही नाही.

मी गुरवाला गाठलं. "माझाही एक प्रश्न लावा. नाग मारला नसता तर पोर गेली असती. मग यांनी करायचं तरी काय होतं? आणि पाप यांचं, तर हात पोरीचा का?"

गुरव डोकं खाजवू लागला. "वैनी, कौल हो-न्हायचा असतो. देवीला पेचात धरू नका."

"मग कुणाला धरू?"

"मला तरी सोडा!"

मी भेंडी हाताने मोडून शिजवू लागले. सकाळी यमूची बोटं ताठ करून बघायची, संध्याकाळी पुन्हा. करंगळी वाकल्यासारखी वाटे, मग भास वाटे. कशात लक्ष लागेना. एकदा तिने चुलीवरचं टोप तसंच धरून उतरवलं. कातडी जळल्याचा वास आधी मला आला.

श्रावणातल्या उधाणाने खाडीचा बांध फुटला. खारं पाणी भातात शिरू लागलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो. त्यात कुणाला सूट नसते. हेही धावले. भरती ओसरेपर्यंत खणून, चिखल टाकून, कंबरेपर्यंत माखून परतले. मी पाय धुवायला पाणी दिलं.

"खणलंत ना?"

"न खणून सांगतो कुणाला? सगळ्यांचं भात गेलं असतं."

"नाग कोपेल की."

"समजून घेईल तो."

"भातासाठी समजून घेईल आणि पोरीसाठी नाही? इतका का तो खुळा आहे?"

हे फावड्याचा चिखल खरवडू लागले. ओटीवरून यमू म्हणाली, "बाबा, मला सुई दुखणार नाही. तिथे काही कळतच नाही."

यांनी तोंड फिरवलं. सकाळी मी उठले तेव्हा गाडी जुंपलेली होती.

सुया पुष्कळ महिने चालल्या. गाठी आल्या, ताप आला. डाग वाढायचा थांबला. करंगळी वाकडी राहिली, बाकीची बोटं सरळ आहेत. हा रोग पापाने येत नाही, रोग्याच्या फार दिवसांच्या सहवासाने येतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून यमूला कुणी कुणी मांडीवर घेतलं ते मी आठवत बसते. कळलं तरी त्या माणसाला काय बोलणार आहे? तरी आठवते.

तुमच्या मुलाच्या अंगावर न दुखणारा डाग दिसला तर आधी दवाखाना गाठा. कौल नंतर लावा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. देवीवर माझा राग नाही, प्रश्न मात्र अजून तिच्याकडेच आहे.

हे अजून नागपंचमीला वारुळाशी दूध ठेवतात. यंदा यमू सोबत होती. हे हात जोडून पुटपुटू लागले, "आमचं चुकलं, आम्हाला क्षमा कर."

"बाबा," यमू म्हणाली, "तुमच्यापुरतीच मागा. मी पाळण्यात होते."