हलणारे दात आणि धाकटा साडू

बैलाचा जबडा उघडला की खालचे पुढचे दात बोटानं दाबून बघायचे, ही माझी धंद्याची सवय. ते थोडे हलतात. नवखा शेतकरी घाबरतो, जाणता हसतो. चांगल्या बैलाचेही दात थोडे हलतेच असतात, त्यात रोग नसतो. म्हणून माझे स्वतःचे खालचे दोन दात हलायला लागले, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. चूळ भरताना पाणी लाल व्हायचं, तेही मनावर घेतलं नाही. यांनी आपल्या तोंडाला बैलाची पारख लावली, असं बायको आता सगळ्या सोयऱ्यांत सांगते.

दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत बाजारात नेता नेता मी बैलांचा दलाल झालो. मला कुणी हात दिला नाही. धाकट्या साडूला मात्र मी दिला. उपरण्याखाली बोटं दाबून भाव कसा सांगायचा, समोरच्याचा तळवा ओला झाला की किती थांबायचं, सगळं मीच शिकवलं. आज भोकरदनच्या बाजारात तो माझ्या समोरच्या लिंबाखाली बसतो आणि माझी जुनी गिऱ्हाइकं आधी त्याच्याकडे जातात. मी ओरडतो, तो हसतो. मी तंबाखूला शिवत नाही, त्याच्या गालात सदा गोळी. तरी दात मक्याच्या कणसासारखे! चारचौघांत बसून दातानं ऊस सोलतो आणि बायका कौतुकानं बघतात. माझी बायकोसुद्धा.

तिनंच मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी फोटो काढला, साखर तपासायला लावली. साखर नव्हती.

"झोपेत दात आवळता का?"

"न्हाई."

"खोटं," बायको म्हणाली. "जातं फिरल्यासारखा आवाज येतो. बाजाराच्या दिवशी तर इचारूच नका."

बाईंनी समजावलं. माणूस ताणात असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. थोडा वेळ वाढलं तर हरकत नाही. पण ते कायम चढलेलं राहिलं तर जंतूंशी लढायची ताकद बिघडते, हिरडीची सूज उतरत नाही आणि दाताला धरणारं हाड झिजत जातं. सगळा दोष ताणाचा नाही, दात साफ न ठेवल्याचाही आहे, हेही त्यांनी सांगितलं.

"ताण कशाचा आहे, काका?"

"कशाचाच न्हाई."

"साडूचा," बायको म्हणाली.

मी विषय बदलला. "दोन्ही दात ठेवा. काय साफसफाई करायची ती करा."

"एकाखाली हाडच उरलं नाही. दुसरा वाचू शकेल."

"दोन्ही."

"काका, इथं भाव मी नाही ठरवत. दुसरा वाचवायचा तर रोज नीट घासा, वेळेवर साफ करून घ्या आणि डोकं शांत ठेवा."

"पहिली दोन जमतील," मी म्हणालो. मग राहवलं नाही. "माझा साडू तंबाखू खातो. त्याला कसं काही होत न्हाई?"

"तंबाखू कुणाला सोडत नाही. होईल."

"कधी?"

हे मी इतक्या घाईनं विचारलं की दोघीही माझ्याकडे बघत राहिल्या.

दात काढला. कापसाचा बोळा दाबून, न बोलता बाहेर बसायला सांगितलं. तेवढ्यात साडूचा फोन आला. बायकोनं आवाज मोठा करून माझ्यापुढं धरला.

"साडूभाऊ, जाफराबादचा एक पाव्हणा जोडी घेऊन आल्ता. मी म्हणलं, दाताची पारख आमच्या साडूभाऊला, मला तेवढं कळत न्हाई. तुमच्याकडं धाडून राह्यलो. बराबर भाव द्या त्याला."

बायको डोळ्यांनीच म्हणत होती, बघा. मी बघतच होतो. आयुष्यात मी कुणाकडे गिऱ्हाईक धाडलं नाही. आणि हा हसत हसत धाडतो, जणू त्याच्या घरी गिऱ्हाइकं झाडाला लागतात! चांगुलपणासुद्धा यालाच सोपा. माझा जबडा आवळला गेला, बोळा भिजून ओठावर रक्त आलं. बाईंनी आत नेऊन तो बदलला.

"हळू धरा. दुसरा अजून वाचवायचाय."

मी जबडा सैल सोडला. पाव्हण्याला थांबायला सांग, असं बायकोला हातानं खुणावलं. साडूला माझ्याकडून चांगलं काय सांगायचं, ते तिनं दोनदा विचारलं. मी मान खिडकीकडे वळवली.