शिवणवालीचा कोरडा नळ

आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणवाली राहते. नवरा गेल्यावर एका मशिनीवर तिने दोन लेकी शिकवल्या, त्यांची लग्नं लावली. अर्ध्या गावाच्या अंगावर तिचीच शिलाई. जीभही तशीच धारदार. एकदा मी सदऱ्याला मोठा खिसा मागितला, तर म्हणाली, "काका, ठेवणार काय त्यात, ते आधी दाखवा."

तिच्या दारात नळ आहे. बसवला त्या दिवशी घोटभर पाणी आलं, तेवढंच. पाणी आणायचं ते उताराखालच्या विहिरीवरून. दोन बादल्या घेऊन चढ चढली की तासभर हात थरथरतात, सुईत दोरा जात नाही.

मागच्या उन्हाळ्यात एक सरकारी साहेब घरोघरी पाहणीला आला. छप्पर कसलं, वीज आहे का, पाणी कुठलं. ती विहिरीवर गेलेली आणि तिच्या ओट्यावर मी बसलेलो. नवा माणूस दिसला की माझी जीभ वळवळते. शाळेत म्हैस शिरली आणि मास्तरांनी तिचीही हजेरी घेतली, ती गोष्ट मी लावली. साहेब पोट धरून हसला. हसता हसताच त्याने विचारलं, या घरी नळ आहे का.

"आहे की. हा काय," मी म्हटलं आणि पुढची गोष्ट सुरू केली.

पाणी येतं का, हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रंगलेली बैठक मोडवेना. शिवाय परक्यापुढे गावाचं रडगाणं कशाला गा, असंही वाटलं.

दोन महिन्यांनी त्या पाहणीवरून यादी लागली. गल्लीतल्या सात घरांना नव्या पाइपाचं पाणी मिळणार होतं. तिचं घर त्यात नव्हतं; साहेबाच्या कागदावर तिच्याकडे नळ होता. तिने यादी दोनदा वाचली. मी शेजारीच उभा होतो.

तीन दिवस घास गोड लागेना. चौथ्या दिवशी तिच्याकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. तिने मशीन काही थांबवली नाही.

"माहीत आहे, काका. त्या साहेबाचं हसणं विहिरीपर्यंत येत होतं. माझ्या ओट्यावर दुसरं कोण बडबडणार?"

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही बोलू देता कधी?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. चूक माझी, एवढंच सांगितलं. जन्मात पहिल्यांदा गोष्ट लावली नाही. कारकुनाने अर्ज घेतला. आता पुढच्या पाहणीत बघू, म्हणाला. ती कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून सकाळी एक बादली मी आणतो. चढावर तीनदा टेकावं लागतं. वर पोचेपर्यंत बोलायला दम उरत नाही. बादली दारात ठेवतो. ती नको म्हणत नाही, आणि बरं झालं आणलंत, असंही म्हणत नाही. आणि तिचं बरोबरच आहे.