पुढ्यात पडलेला दगड

हैदराबादेत जामबागच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या एकनाथरावांचा राग सदा नाकावर. शब्दसुद्धा ते मारूनच शिकवत. 'प्रॉब्लेम'ची पाळी आली की डस्टर सुसाट बाकांकडे यायचं. "मूळ ग्रीक शब्द आहे, गाढवांनो! प्रॉब्लेम म्हणजे पुढ्यात फेकलेली वस्तू. उचलायची, टेबलावर आणून ठेवायची. परत फेकायची नाही!" ज्याला लागलं त्यानंच डस्टर टेबलावर ठेवायचं, असा वर्गाचा रिवाजच पडला होता. अंबरपेठच्या प्रतापनं तर कपाळाला टेंगूळ घेऊन कितीदा ठेवलं असेल.

छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी ठरली आणि शहराचं डोकं फिरलं. कोण कुठल्या राज्याचा, यावरून रस्त्यात डोकी फुटू लागली. काचीगुड्याजवळ एकनाथराव अशाच दंगलीत सापडले. एक दगड भुवईवर बसला. रक्त डोळ्यांत उतरलं. दुसरा पायाशी पडला, तो त्यांनी उचलला आणि दात-ओठ खाऊन गर्दीत भिरकावला.

"सर, उधर नक्को! गल्लीत या!" म्हणत गर्दीतून प्रताप त्यांच्याकडेच धावत येत होता. दगड सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला.

डोळा गेलाच. दवाखान्यात त्याची आई भामा ऊर बडवत होती, "कोन्या मुडद्यानं फोडला गं माझ्या लेकराचा डोळा!" एकनाथराव शेजारीच उभे होते. रागाच्या वेळी चुरूचुरू चालणारी जीभ तेव्हा कुठं गेली होती, देव जाणे.

पोलिसांनी विचारलं तेव्हा प्रताप म्हणाला, "गर्दी होती. नाही दिसलं." मग पोलिसांनी भलत्याच दोघांना उचललं आणि चौकीत सोलून काढलं. त्यांच्या किंकाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू आल्या, असं लोक सांगत. एकनाथरावांनीही ते ऐकलं आणि ते शिकवत राहिले.

पट्टी बांधलेला प्रताप शाळेत आला तो थेट टेबलापाशी गेला. खिशातून एक दगड काढून त्यानं टेबलावर ठेवला. रक्त वाळून काळं झालं होतं.

"सर, परत नाही फेकला."

वर्गाला काही कळलं नाही. एकनाथरावांना सगळं कळलं, आणि मुलांच्या देखत ते हुंदके देऊन रडले. मग त्यांनी दगड उचलला, डोक्यावर टोपी चढवली आणि चौकीचा रस्ता धरला.